एकरी एक गाठ: विदर्भातल्या ऑरगॅनिक कापूस खरेदीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या जर्मन कंपनीचं आहे. लहान बाळांचे कपडे विकतात, स्वतःचा कारखाना नाही, तिरुपूरच्या एका एक्स्पोर्टरकडून शिवून घेतात. नावं आणि गावं मुद्दाम दिली नाहीत, आकडेही गोल केलेत. मी नागपूरला असतो आणि अशा बाहेरच्या खरेदीदारांची इकडची बाजू बघतो, म्हणजे शेतकऱ्यांचे गट, जिनिंग (कापसातली सरकी काढून रुई वेगळी करण्याचा कारखाना), कागदपत्रं, गाड्या, सगळंच.

कंपनीकडे जीओटीएस या आंतरराष्ट्रीय ऑरगॅनिक कापड मानकाचं लेबल होतं, प्रत्येक टप्प्याचं टीसी म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट (किती माल कुणाकडून कुणाकडे गेला त्याचा दाखला) फाइलला होतं, वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मग मालकीणबाईंना स्वतः इकडे येऊन बघावंसं वाटलं त्याची दोन कारणं होती. एक म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये जीओटीएसनंच जाहीर केलं होतं की भारतात जवळपास २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर ऑरगॅनिक म्हणून फिरवला गेला, तेव्हापासून त्यांच्या मनात ते होतंच. दुसरं म्हणजे युरोपियन युनियनचा २०२४ चा नवा नियम, जो २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो आणि ज्यात 'पर्यावरणपूरक' वगैरे मोघम दावे पुराव्याशिवाय करता येणार नाहीत. त्यांचा एक मोठा दुकानदार आत्तापासूनच विचारायला लागला होता की कापूस नेमका कुठल्या शेतातला आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तयार, रंगवलेल्या कपड्याकडे बघून किंवा लॅबला पाठवून तो ऑरगॅनिक कापसाचा आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. बीटी म्हणजे बोंडअळीविरुद्धचा जनुक घातलेलं वाण, ऑरगॅनिकमध्ये ते चालत नाही. त्याचा अंश सरकीत, पानात, कच्च्या रुईत सापडतो, पण सूत होऊन, ब्लीच होऊन, रंगून आलेल्या कापडात तपासण्यासारखं काही उरत नाही. त्यामुळे खात्री करायची तर ती शेत ते जिनिंग एवढ्याच पट्ट्यात करता येते, पुढे सगळा कागदांवर विश्वास.

ट्रिप कधी आणि कशी

कंपनीला मार्चमध्ये यायचं होतं कारण तेव्हा त्यांचं कलेक्शनचं काम हलकं असतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. मार्चमध्ये विदर्भात येऊन काय बघणार, पऱ्हाटी उपटून झालेली, वावरं मोकळी, जिनिंगही मंदावलेलं. कापूस बघायचा तर दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत, म्हणजे वेचणी चालू, घरात कापसाचा ढीग आणि काट्यावर गाड्यांची रांग. शेवटी डिसेंबर २०२४ ठरला. हा पहिला निर्णय आणि पुढचं सगळं यावरच उभं राहिलं.

दुसरा निर्णय गाडीचा. एक्स्पोर्टरनं सगळी व्यवस्था करायची तयारी दाखवली होती, हॉटेल, गाडी, जिनिंगवर स्वागत, एका प्रगतिशील शेतकऱ्याच्या मळ्यावर जेवण. प्रेमानंच केलं होतं, त्यात काही वावगं नाही, पण अशा दौऱ्यात दिसतं तेच जे दाखवायचं असतं. आम्ही पहिला दिवस त्यांच्यासोबत घालवला आणि पुढचे दिवस स्वतःची गाडी घेतली. गटाच्या आयसीएसकडून, म्हणजे गटाची स्वतःची अंतर्गत तपासणी यंत्रणा असते तिच्याकडून, शेतकऱ्यांची पूर्ण यादी मागितली आणि त्यातली नावं मालकीणबाईंनी स्वतः पेनानं खुणा करून निवडली. आपल्याकडे एनपीओपी, म्हणजे ऑरगॅनिक शेतीच्या सरकारी नियमांखाली, एका गटात २५ ते ५०० शेतकरी असू शकतात, प्रत्येकाकडे बाहेरचा इन्स्पेक्टर जात नाही, तो काही जणांची नमुना तपासणी करतो आणि बाकी भरवसा आयसीएसवर असतो. म्हणून यादीतली कुठलीही नावं काढून तिथे जाता येणं, एवढीच खरी परीक्षा.

सोबत कंपनीची सोर्सिंग मॅनेजर होती, मूळची पुण्याची मुलगी, त्यामुळे बोलणं थेट झालं आणि बायकाही मोकळेपणानं बोलल्या. वेचणीची मजुरी किलोवर कशी ठरते, निंदणाला माणसं का मिळत नाहीत, हे सगळं आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. ऑरगॅनिकमध्ये तणनाशक नाही, म्हणजे डवरणी आणि निंदण हाच खर्चाचा मोठा भाग, आणि शेजारच्या वावरात चोरबीटी (तणनाशक सहन करणारं बेकायदा बियाणं) लावून फवारा मारला की तण साफ होतं हे त्या रोज बघतात.

शेतावर काय दिसलं

गट यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांमधला. सर्टिफाइड क्षेत्र साधारण ४०० एकर, सगळं कोरडवाहू. शेती खरंच ऑरगॅनिक पद्धतीची होती, हे मी ठासून सांगतो. दशपर्णी अर्काचे ड्रम होते, कामगंध सापळे होते, तुरीच्या ओळी होत्या, २०१७ च्या विषबाधेची आठवण त्या भागात अजून ताजी आहे आणि फवारणी सोडल्याचं समाधान लोकांच्या बोलण्यात होतं. त्या साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसपेक्षा जास्त माणसं गेली. गटातले बरेच जण त्यानंतरच इकडे वळलेले.

पण एका घरी बोलता बोलता मालकीणबाईंनी सहज विचारलं की यंदाचा कापूस कुठे दिला, आणि काकाजींनी सरळ सीसीआयची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, आणून दाखवली. सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला दिला होता, हमीभावानं. त्यांनी ते लपवलं नाही कारण लपवण्यासारखं त्यांच्या दृष्टीनं काहीच नव्हतं. म्हणाले, "इथं गटात देल्ला तं बाजारभाव अन् वरून पाच टक्के, तेही पैसे कवा येतीन तवा. तिकडं सीसीआयचा भाव पक्का. मंग माणूस कोणाले देईन, तुमीच सांगा."

हिशोब तिथेच खाटेवर बसून केला. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. बाजार त्याखाली, सात हजारांच्या आसपास घुटमळत होता. सात हजारांवर पाच टक्के बोनस धरला तरी ७,३५० होतात. म्हणजे तीन वर्षं सांभाळून, निंदणाचा जास्त खर्च करून पिकवलेला ऑरगॅनिक कापूस गटाला देण्यापेक्षा साध्या कापसासारखा सीसीआयला दिलेला परवडत होता. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्याही घरी. निवडलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांत सीसीआयची पट्टी निघाली.

खरी अडचण

कपाशीच्या पट्ट्यात एक सोपा हिशोब चालतो. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल कापूस धरला आणि जिनिंगमध्ये ३४ टक्के रुई निघाली तर १७० किलो होतात, म्हणजे बरोबर एक गाठ. एकरी एक गाठ. गटाचे ४०० एकर, एक्स्पोर्टरकडे त्या गटाच्या नावावर हंगामाच्या ४०० गाठी बुक. कागदावर अगदी चोख बसत होतं, आणि आधीच्या वर्षी कुणी तपासलं असतं तर तेही चोख बसलं असतं. पण तो आकडा सांगतो की एवढं पिकू शकतं. त्यातलं काट्यावर किती आलं हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

म्हणून आम्ही जिनिंगवर जाऊन काटा पावत्या मागितल्या. मालकानं थोडी कुरकुर करून दाखवल्या. पहिली वेचणी संपून दुसरी चालू होती आणि गटाचा म्हणून साधारण ६०० क्विंटल कापूस आलेला होता, म्हणजे १२० गाठींचा. उरलेला येतोय म्हणाले. आम्ही घराघरात पट्ट्या बघून आलो होतो, त्यामुळे तो येणार नाही हे आम्हाला माहीत होतं.

मग ४०० गाठींचे टीसी कशावर निघणार? कुणी आजच चोरी केली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नव्हता. पण कागदावर २८० गाठींची मोकळी जागा तयार झाली होती, आणि अशी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. सोळा आणे खरे शेतकरी, सोळा आणे खरं शेत, आणि तरीही त्यांच्या नावावर दुसराच कापूस जायची वाट उघडी. ही वाट भावाच्या फॉर्म्युल्यामुळे उघडली, आणि तो फॉर्म्युला, 'बाजारभाव अधिक पाच टक्के', वरून खरेदीदारांच्याच करारातून खाली आला होता.

त्यातच दुसरं प्रकरण. आमच्याकडे बीटी तपासायच्या पट्ट्या होत्या. सरकीचे काही दाणे ठेचायचे, छोट्या नळीत द्रावणात हलवायचे, पट्टी बुडवायची आणि थोडा वेळ थांबायचं. एक रेघ आली तर बीटी नाही, दोन आल्या तर आहे. जिनिंगच्या ढिगाजवळ उभं राहून वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या मालाचे नमुने तपासले. बरेचसे एकरेघी. एकात दुसरी रेघ हळूहळू गुलाबी होत गेली, आधी पुसट, मग अगदी स्पष्ट, आणि आजूबाजूला उभी असलेली सगळी माणसं गप्प झाली.

तो शेतकरी तरुण होता, आम्ही त्याच्या घरी गेलो. तोही खोटं बोलला नाही. "रोहिणी सरली तरी बियाणं भेटलं नाही गटाकडून, मिरगाचं पाणी आलं, मंग वावर पडीक ठेवू का?" एका तुकड्यात त्यानं दुकानातलं बीटीचं पाकीट लावलं होतं. २००२ मध्ये बीटी आलं आणि आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे, दुकानात नॉन-बीटी मागितलं तर दुकानदार बघतच राहतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं 'सूरज' किंवा अकोल्याच्या विद्यापीठाची सरळ वाणं चांगली आहेत पण ती हवी तेव्हा हवी तेवढी कुणीतरी आधीपासून बुक करून ठेवावी लागतात. पूर्वी बीटीच्या पाकिटासोबत कडेनं लावायला रेफ्युजची नॉन-बीटी छोटी पिशवी वेगळी यायची, काही जण ती वापरायचे, पण त्या बियाण्याला बहुतेक वेळा कीटकनाशक चोळलेलं असायचं, ते ऑरगॅनिकमध्ये चालत नाही.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात मोहाचा पर्याय जिनिंगवरच पुढे आला. कंपनीला हव्या होत्या फक्त ६० गाठी. एक्स्पोर्टरचा माणूस म्हणाला, मॅडम काळजी करू नका, तुमच्या साठ गाठी मी आजच बाजूला काढतो, तुम्हाला शंभर टक्के खरा माल. आणि ते शक्यही होतं, १२० आलेल्याच होत्या. आपलं काम झालं, बाकीच्या खरेदीदारांचं ते बघतील. रात्री हॉटेलात यावर खूप वेळ बोलणं झालं. माझं मत होतं की हा पर्याय घेऊ नये, कारण आपण साठ उचलून गप्प बसलो तर उरलेल्या ३४० चा प्रश्न आपल्याला माहीत असूनही आपण सोडला असं होतं, आणि पुढच्या वर्षी तोच फॉर्म्युला, तीच गळती.

दुसरा पर्याय सप्लायर, म्हणजे एक्स्पोर्टर, सोडून देणं, थेट सर्टिफिकेशन बॉडीला मेल. नियमानं बघितलं तर हेच साफ. पण त्यात सगळ्या गटाचं सर्टिफिकेट अडकलं असतं, आणि ज्यांनी काहीच चुकीचं केलं नाही अशा कुटुंबांची तीन वर्षांची मेहनत पाण्यात. तिसरा, भारत सोडून तुर्कस्तानचा कापूस घेणं. सोर्सिंग मॅनेजरनं तो मांडला, मालकीणबाईंनीच बाजूला ठेवला, कारण कागद आणि माल यातली फट तिथे नसेल असं कशावरून.

चौथा पर्याय वेळखाऊ होता. यंदा जेवढा खात्रीचा आहे तेवढाच घ्यायचा, सप्लायरला मुदत देऊन गटाचा उत्पादन अंदाज दुरुस्त करायला लावायचा, आणि पुढच्या हंगामाचा करार भावाच्या फॉर्म्युल्यापासून नव्यानं लिहायचा. तो घेतला.

काय केलं

आधी माल. ज्यांनी सीसीआयला काही दिलं नाही आणि ज्यांचे नमुने एकरेघी आले अशांचाच कापूस वेगळ्या ढिगात, रेचे म्हणजे जिनिंगची यंत्रं आधी साफ करून, आमच्यासमोर जिन केला. त्याचा नमुना लॅबला पाठवला. ३५ गाठी निघाल्या. कंपनीच्या गरजेच्या निम्म्याहून थोड्या जास्त. बाकी काही स्टाइल्स गटातल्याच दुसऱ्या वर्षाच्या शेतकऱ्यांच्या कापसात, 'रूपांतर काळातला' (म्हणजे पूर्ण ऑरगॅनिक ठरण्याआधीच्या वर्षांतला) असं स्पष्ट लेबल लावून करायच्या ठरल्या, उरलेल्या पुढे ढकलल्या.

दोन रेघांच्या शेतकऱ्याबद्दल खूप चर्चा झाली. मालकीणबाईंना वाटत होतं की त्याचा तोटा कंपनीनं भरून द्यावा. गटाच्या अध्यक्षांनीच नको म्हटलं, उद्या दुसरे विचारतील की बीटी लावलं तर पैसे मिळतात का. शेवटी आयसीएसनं स्वतःच्या रजिस्टरला नोंद केली, त्याचा माल वेगळा काढून बाजारात विकला, तो यादीतून बाहेर गेला आणि पुन्हा रूपांतरात यायचा मार्ग त्याला मोकळा ठेवला. गटानं स्वतः पकडलं तर ती गटाची यंत्रणा चालते याचा पुरावा ठरतो. बाहेरच्या इन्स्पेक्टरनं पकडलं असतं तर तीच यंत्रणा बंद पडल्याचा पुरावा झाला असता. म्हणून हे लगेच, त्याच आठवड्यात लिहून काढणं महत्त्वाचं होतं.

एक्स्पोर्टरला लेखी मुदत दिली की गटाचा उत्पादन अंदाज काटा पावत्यांप्रमाणे दुरुस्त करून घ्या, नाहीतर आम्ही सर्टिफिकेशन बॉडीला स्वतः कळवू. नाराजी झाली, काही दिवस फोन उचलले नाहीत, पण अंदाज दुरुस्त झाला.

आता भाव. बाजारभावाचा फॉर्म्युला काढून टाकला आणि लिहिलं: हमीभाव किंवा बाजारभाव, दोन्हींपैकी जो जास्त, त्यावर दहा टक्के, पैसे ठरलेल्या मुदतीत थेट शेतकऱ्याच्या खात्यात. तीन हंगामांसाठी. याचा कंपनीवर भार किती येतो हे काढलं तेव्हा सगळे थक्क झाले. ७,५२१ वर दहा टक्के म्हणजे साधारण ८,२७०, आधीच्या ७,३५० पेक्षा क्विंटलला ९२० रुपये जास्त. एका गाठीला पाच क्विंटल, म्हणजे ४,६०० रुपये. एका गाठीतून कोम्बिंग, निटिंग, कटिंगची घट जाऊन बाळाचे साधारण हजार बॉडीसूट निघतात. म्हणजे नगामागे साडेचार-पाच रुपये, युरोत पाच सेंट. पंधरा-वीस युरोला विकल्या जाणाऱ्या कपड्यात पाच सेंट! त्यासाठी अख्ख्या गटाचा कापूस दुसऱ्या काट्यावर जात होता.

हे पाच रुपये वाटेत टक्केवारीनं फुगू नयेत म्हणून ते कॉस्टिंग शीटमध्ये वेगळ्या ओळीत, ठरावीक रक्कम म्हणून दाखवायचं ठरलं. जिनर, सूतगिरणी, एक्स्पोर्टर कुणीही त्यावर मार्जिन लावायचं नाही. तिरुपूरमध्ये यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. डाइंगची बाजू तिथे पाहिली आणि ती व्यवस्थित होती, २०११ मध्ये मद्रास हायकोर्टानं नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून सगळे डाइंग युनिट बंद करायला लावले होते, तिथे सांडपाणी बाहेर सोडायलाच बंदी आहे, त्यामुळे त्यात फार शिरलो नाही.

आणि बियाणं. मे महिन्याच्या आत सरळ वाणाचं न चोळलेलं बियाणं गटाच्या गोडाऊनला आलेलं असेल, त्याचा अॅडव्हान्स कंपनी देईल. दोन रेघांचा तोटा भरून द्यायला जे पैसे निघणार होते ते इकडे लावले.

पुढे काय झालं

एका दुकानदारानं रूपांतर काळातलं लेबल नाकारलं आणि ऑर्डर कमी केली, तो फटका कंपनीनं सोसला. बियाणं मेअखेर आलं, थोडं उशिरा पण मृगाच्या आधी.

२०२५-२६ चा हंगाम खडतर गेला. ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं, बाजार पुन्हा हमीभावाखाली, आणि हमीभाव वाढून ८,११० झालेला. जुना फॉर्म्युला असता तर त्या वर्षी गटाच्या काट्यावर बोंडंही आली नसती. नवीन करारामुळे कंपनीशी जोडलेल्या शेतकऱ्यांचा माल गटातच आला. शिवाय सीसीआयला द्यायचं तर 'कपास किसान' अॅपवर नोंदणी, स्लॉट, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की परत, ही कटकट होतीच. पण सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं सडली, एकरी पाच क्विंटल कुठे मिळालेच नाहीत. साठ गाठींचा आकडा दुसऱ्या वर्षीही पुरा झाला नाही. झाल्या त्या मात्र पावतीनिशी आणि घराघराच्या नावानिशी.

तिरुपूरमध्ये अमेरिकेच्या २०२५ मधल्या ५० टक्के टॅरिफमुळे मोठ्या ऑर्डरी थांबल्या, त्यामुळे या छोट्या जर्मन कंपनीला अचानक चांगलं लक्ष मिळायला लागलं आणि वेगळ्या ओळीचं कॉस्टिंग शीट आता कुणी नाकारत नाही. ही परिस्थितीची मदत, आमच्या हुशारीची नाही.

गटाचे उरलेले २००-२५० एकर अजून जुन्याच फॉर्म्युल्यावर दुसऱ्या खरेदीदारांकडे आहेत. तिथे गळती चालूच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बाकीच्या खरेदीदारांना कळवायला हवं होतं. एक्स्पोर्टरला मुदत देणं गटासाठी बरोबर होतं असं मला आजही वाटतं, पण ज्या कंपन्यांच्या नावावर उरलेल्या गाठी बुक होत्या त्यांना काहीच सांगितलं गेलं नाही. गोपनीयतेच्या कलमामुळे ते सोपं नव्हतं. तरी निदान 'तुमच्या काटा पावत्या मागा' एवढं सुचवता आलं असतं, आणि कदाचित सगळ्यांनी मिळून भावाचं एकच कलम केलं असतं तर तो २५० एकरांचा तुकडाही सुटला असता.

दुसरं, अशा ट्रिपा डिसेंबरमध्ये होतात आणि लोक परत जातात, पण निर्णय एप्रिल-मेमध्ये होतो, बियाणं घेताना. दोन्ही वेळा यायला खर्च परवडत नसेल तर मेमध्ये माणूस न येता पैसे तरी वेळेवर यावेत.

आणि कुणी अशी ट्रिप आखत असेल तर यादीत हे नक्की घाला: शेतकऱ्याकडे 'तुम्ही काय फवारता' याच्या आधी 'यंदाचा कापूस कुणाला दिला आणि किती भाव मिळाला' हे विचारा, पट्टी बघायला मागा, आणि संध्याकाळी जिनिंगच्या काट्यावर तेच नाव शोधा. काटा पावत्यांची वही साधी असते, निळ्या कार्बनची, तारीख, गाडी नंबर, नाव, वजन. एक्स्पोर्टरच्या ऑफिसात ती मिळत नाही, जिनिंगच्या फाटकाजवळच्या खोलीत मिळते.